वासरांची हगवण : काय करावे, कोणत्या क्रमाने करावे आणि कुठे चुकते

नवजात वासराला हगवण लागली की बहुतेक गोठ्यांत पुढचा क्रम ठरलेला असतो. आधी दूध बंद केले जाते, मग मेडिकलमधून एखादी गोळी आणली जाते, दुसऱ्या दिवशी इंजेक्शन दिले जाते आणि तिसऱ्या दिवशी वासरू आडवे पडल्यावर सलाईनसाठी धावपळ सुरू होते. यातली प्रत्येक गोष्ट कधी ना कधी उपयोगी पडू शकते, परंतु क्रम उलटा आहे. हगवणीत वासरू बहुधा जंतूमुळे थेट मरत नाही. शरीरातले पाणी व क्षार निघून गेल्याने, रक्तात आम्लता वाढल्याने आणि उपाशी राहून थंड पडल्याने ते मरते. म्हणून पाणी आणि क्षार पहिल्या तासात, दूध चालूच, आणि औषध तपासणीनंतर, असा क्रम या लेखात धरला आहे.

लेख मुख्यतः गाय-म्हशीच्या पहिल्या दोन महिन्यांतल्या वासरांसाठी आणि पारड्यांसाठी आहे. डुकराच्या पिल्लांत जे वेगळे करावे लागते ते शेवटच्या टप्प्यात दिले आहे. ज्यांच्या गोठ्यात आत्ता या क्षणी वासरू हगत आहे, त्यांनी टप्पा ३ पासून वाचावे आणि पहिले दोन टप्पे पुढच्या वेतासाठी ठेवावेत.

## टप्पा १ : गाय विण्याआधीची तयारी

रात्री अकरा वाजता वासरू हगू लागल्यावर ग्लुकोज शोधायला बाहेर पडावे लागले, तर सकाळपर्यंतचा मोलाचा वेळ हातचा जातो. गाय विण्याच्या पंधरा दिवस आधी झाकणाच्या एका डब्यात पुढील वस्तू भरून ठेवाव्यात : ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर, वासराला पाजायची निपल असलेली बाटली, साधी ग्लुकोज पावडर, मीठ, खाण्याचा सोडा, स्वयंपाकघरात वापरतात तो ग्रॅमचा छोटा वजनकाटा, नाळेसाठी आयोडीनचे द्रावण, घट्ट झाकणाची दोन-तीन स्वच्छ डबी आणि एक वही. पशुवैद्यकाने सुचवलेल्या वासरांच्या क्षारांच्या पुड्या मिळाल्या, तर त्याही चार-सहा आणून ठेवाव्यात.

वासराचे वजन माहीत असणे ही तयारीतली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आहे. चिकाचे प्रमाण, क्षारपाण्याचे प्रमाण आणि औषधाची मात्रा हे सारे वजनावर ठरते आणि अंदाज हमखास चुकतो. माणसांचे वजन करायच्या काट्यावर आधी एकट्याने उभे राहावे, मग वासरू उचलून उभे राहावे आणि वजाबाकी करावी. संकरित गाईचे वासरू जन्मताना साधारण २० ते २८ किलो भरते, म्हशीचे पारडू बरेचदा त्याहून जड असते.

विण्याची जागा कोरडी हवी. उसाचे पाचट, भाताचा पेंढा किंवा गव्हाचे काड यांपैकी जे गावात मिळते ते जाडसर अंथरावे.

तपासणी : अंथरुणावर गुडघे टेकून वीस सेकंद बसावे. उठल्यावर कपडा ओला झाला असेल, तर ती जागा वासरासाठी ओलीच समजावी, वरून कितीही कोरडी दिसली तरी.

## टप्पा २ : चीक, घड्याळ लावून

गाय आणि म्हैस यांच्यात रोगप्रतिकारक द्रव्ये गर्भाला वारेतून मिळत नाहीत. जन्मलेले वासरू याबाबतीत रिकामे असते आणि त्याला ही द्रव्ये केवळ चिकातून मिळतात. ती आतड्यातून जशीच्या तशी रक्तात शोषली जाण्याची क्षमता जन्मानंतर तासागणिक घटत जाते; पहिले सहा तास सर्वांत मोलाचे असतात आणि सुमारे २४ तासांनी हा दरवाजा बंद होतो. दुसऱ्या दिवशी पोटभर पाजलेला चीक अन्न म्हणून उपयोगी असतो, परंतु पहिल्या दिवशी चुकलेले संरक्षण तो भरून काढत नाही.

१. वासराचे नाक-तोंड पुसावे, गाईला ते चाटू द्यावे आणि नाळ आयोडीनच्या द्रावणात बुडवावी. नाळेवर नुसता बोळा फिरवणे पुरेसे नसते.

२. कास व सड धुऊन कोरडे करावेत आणि पहिल्या दोन धारा वेगळ्या काढून टाकाव्यात.

३. वजनाच्या एक दशांश एवढा चीक पहिल्या आठ-दहा तासांत पोटात गेला पाहिजे. २५ किलोच्या वासराला हा हिशोब अडीच लिटरचा येतो : पहिल्या दोन तासांत सव्वा ते दीड लिटर आणि उरलेला त्यानंतरच्या सहा-आठ तासांत.

४. वासरू स्वतः सडाला लागले, तरी किती प्यायले हे कळत नाही. अशक्त वासरू सड तोंडात धरून उभे राहते आणि आपल्याला ते पीत आहे असे वाटते. पहिला चीक काढून, मोजून, बाटलीने पाजणे अधिक खात्रीचे.

येथे दोन चुका पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. पहिली म्हणजे वार पडेपर्यंत चीक काढू नये ही समजूत. वार पडायला कित्येकदा आठ-दहा तास लागतात आणि तेवढ्यात वासराचा सर्वांत मोलाचा काळ निघून जातो. सडाला वासरू लागल्याने किंवा धार काढल्याने गर्भाशयाचे आकुंचन उलट वाढते, त्यामुळे वार पडायला मदतच होते. दुसरी चूक खरवसाची. पहिल्या धारेचा घट्ट, पिवळा चीक शेजारीपाजारी वाटला जातो आणि वासराच्या वाट्याला दुसऱ्या-तिसऱ्या धारेचा पातळ चीक येतो. खरवस खुशाल करावा, परंतु वासराचे मोजून झाल्यावर उरेल त्याचा.

उरलेला चीक स्वच्छ बाटल्यांत भरून फ्रीजरमध्ये गोठवून ठेवता येतो आणि एखादी गाय आटलेली किंवा कासदाह झालेली निघाली की तो उपयोगी पडतो. वितळवताना बाटली कोमट पाण्यात ठेवावी, चीक कधीही चुलीवर तापवू नये. खरवस ज्या कारणाने थिजतो त्याच कारणाने तापवलेल्या चिकातली संरक्षक प्रथिनेही निकामी होतात.

तपासणी : द्राक्ष किंवा डाळिंब बागायतदारांकडे गोडी मोजायचा ब्रिक्स मीटर असतो. त्यावर चिकाचा एक थेंब ठेवावा. २२ किंवा अधिक आकडा आला तर चीक चांगला समजावा. कमी आला तर तोच थोडा अधिक पाजावा किंवा गोठवलेल्या साठ्यातला द्यावा.

## टप्पा ३ : हगवण दिसताच पाच मिनिटांची पाहणी

शेणाचा रंग पाहून रोगाचे नाव ठरवण्याचा मोह टाळावा. पांढरी, पिवळी, हिरवट या रंगांवरून कारण खात्रीने कळत नाही. वासरू किती कोरडे पडले आहे आणि त्याचे वय किती दिवसांचे आहे, या दोन प्रश्नांची उत्तरे रंगापेक्षा कितीतरी अधिक कामाची आहेत. पाहणी पुढील क्रमाने करावी आणि वहीत वेळेसह लिहावी.

१. उभे राहणे : वासरू स्वतः उठते का, उठवल्यावर उभे राहते का, की पडूनच राहते?

२. चोखणे : स्वच्छ बोट तोंडात घालावे. निरोगी वासरू बोट जोराने ओढते. ओढ मंदावली असेल किंवा नसेलच, आणि तोंड आतून गार लागत असेल, तर स्थिती गंभीर आहे.

३. डोळा : खालची पापणी हलकेच खाली ओढून बुबुळगोल आणि पापणी यांच्यात फट पडली आहे का ते पाहावे.

४. कातडी : मानेच्या बाजूची कातडी चिमटीत धरून थोडी पिळावी आणि सोडावी. दोन सेकंदांच्या आत सपाट झाली तर ठीक. दोन ते सहा सेकंद लागले तर पाण्याची घट स्पष्ट आहे. त्याहून अधिक वेळ लागला तर ती फार मोठी आहे.

५. ताप : थर्मामीटर गुदद्वारात कडेला टेकवून धरावा. वासराचे नेहमीचे तापमान १०१.५ ते १०३ अंश फॅरनहाइट असते. १०३.५ च्या वर गेले तर संसर्ग अंगात भिनल्याची शक्यता असते. परंतु १०० च्या खाली उतरलेले तापमान तापापेक्षाही अधिक काळजीचे असते.

या पाहणीवरून वासराची प्रतवारी तीन गटांत करावी. उभे आहे, जोराने चोखते आहे, डोळा खोल गेलेला नाही : पाण्याची घट बहुधा वजनाच्या ५ टक्क्यांपर्यंत आहे आणि घरी तोंडावाटे उपचार सुरू करता येतो. उभे राहते पण मलूल आहे, चोखणे मंद आहे, डोळ्यात थोडी फट आहे : घट ६ ते ८ टक्क्यांच्या आसपास आहे, क्षारपाणी लगेच सुरू करावे आणि त्याच वेळी पशुवैद्यकाला बोलवावे. पडून आहे, चोखत नाही, अंग गार आहे : हे वासरू तोंडावाटे वाचत नाही, त्याला शिरेतूनच सलाईन लागते. अशा वेळी पशुवैद्यकीय दवाखान्याशी किंवा १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाशी ताबडतोब संपर्क साधावा आणि ते येईपर्यंत वासरू कोरडे व उबदार ठेवावे.

इशारा : आठवड्याहून मोठ्या वासरात डोळे फारसे खोल गेलेले नसतानाही रक्तातली आम्लता धोकादायक पातळीला पोहोचलेली असू शकते. झिंगल्यासारखे चालणे, बोट न चोखणे आणि हाक मारली तरी मान न वळवणे ही तिची लक्षणे आहेत. केवळ डोळा ठीक दिसतो म्हणून थांबू नये.

आता वय. पहिल्या तीन-चार दिवसांत पाण्यासारखी हगवण लागली तर ई. कोलाय या जिवाणूचा संशय पहिला घ्यावा. चीक उशिरा मिळालेल्या वासरांत ती काही तासांत जीवघेणी ठरते. साधारण पाच दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंत रोटा व कोरोना गटातले विषाणू आणि क्रिप्टोस्पोरिडियम हा एकपेशीय परजीवी ही मोठी कारणे असतात. तिसऱ्या आठवड्यानंतर शेणात रक्त किंवा आव दिसून वासरू कुंथत असेल तर कॉक्सिडिया या आतड्यातल्या एकपेशीय परजीवीचा विचार करावा. रक्त, उग्र वास आणि तीव्र ताप एकत्र दिसले तर साल्मोनेला हा जिवाणूही असू शकतो. पारड्यांत, त्यातही दोन आठवड्यांच्या पुढे, मातकट रंगाची, दुर्गंधीची हगवण आणि सुटलेले पोट हे मोठ्या गोल जंतांचे चिन्ह असते. या जंतांच्या अळ्या आईच्या दुधातून येतात, म्हणून गोठा कितीही स्वच्छ असला तरी पारडू त्यांतून सुटत नाही.

वासरू तरतरीत आहे, ताप नाही, फक्त शेण पांढरट व सैल आहे, असेही पुष्कळदा घडते. तेव्हा आदल्या दिवशी दूध एकदम जास्त झाले का, थंड पाजले का, वेळ चुकली का हे आधी आठवावे.

## टप्पा ४ : वेगळे, कोरडे, उबदार

आजारी वासरू इतर वासरांपासून वेगळे बांधावे. त्याची बाटली, बादली व झाडू वेगळे ठेवावेत. कामाचा क्रम नेहमी निरोगी वासरांकडून आजारी वासराकडे असावा, उलट नव्हे. शेपटीखालची घाण कोमट पाण्याने धुऊन अंग पूर्ण पुसावे आणि गुदद्वाराभोवती खोबरेल तेलाचा हात फिरवावा, म्हणजे कातडी सोलत नाही. थंडीत व पावसाळ्यात अंगावर कोरडे बारदान बांधावे. थंड जमिनीवर पडलेले वासरू पोटात जाणारी सगळी शक्ती ऊब टिकवण्यात खर्च करते.

यांतले काही रोग माणसालाही होतात, विशेषतः क्रिप्टोस्पोरिडियम आणि साल्मोनेला. आजारी वासराला लहान मुलांनी हात लावू नये आणि मोठ्यांनी प्रत्येक वेळी साबणाने हात धुवावेत.

## टप्पा ५ : पाणी आणि क्षार

या टप्प्यावर सर्वाधिक वासरे वाचतात आणि सर्वाधिक चुकाही याच टप्प्यावर होतात.

किती द्यावे. वजन गुणिले घटीची टक्केवारी, हा पहिला हिशोब. २५ किलोचे वासरू ८ टक्के कोरडे पडले असेल, तर २ लिटर पाणी आधीच गेलेले आहे. त्यात चालू हगवणीतून जाणारे लिटर-दीड लिटर मिळवावे. म्हणजे दुधाव्यतिरिक्त दिवसाला सुमारे साडेतीन लिटर क्षारपाणी द्यावे लागते आणि ते एका वेळी लिटरभर असे तीन-चार वेळांत विभागावे. अर्धा लिटर सकाळी आणि अर्धा लिटर संध्याकाळी देऊन ‘क्षारपाणी देऊनही गुण आला नाही’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. तेथे औषध हरलेले नसते, माप हरलेले असते.

काय द्यावे. वासरांसाठीची तयार पुडी असेल तर तिच्यावर लिहिलेल्या मापानेच पाणी घ्यावे. पुडी मिळेपर्यंत घरी पुढील द्रावण करता येते :

उकळून कोमट केलेले पाणी १ लिटर, मीठ ४ ग्रॅम, खाण्याचा सोडा ४ ग्रॅम, ग्लुकोज पावडर २० ग्रॅम.

मीठ व सोडा काट्यावर मोजावेत, कारण प्रत्येक घरातला चमचा वेगळा असतो. या द्रावणात पोटॅशियम नसते, म्हणून ते पहिल्या दिवसाच्या अडचणीपुरतेच समजावे. माणसांसाठी मिळणारी जलसंजीवनीची पुडीही वेळ मारून नेते, मात्र वासराच्या गरजेच्या मानाने तिच्यात सोडियम आणि आम्लता उतरवणारा घटक कमी पडतो.

साखर-गूळ का नको. घरातल्या बाळाला आपण साखर-मिठाचे पाणी देतो, म्हणून वासरालाही तेच दिले जाते. परंतु साखर पचवणारे विकर वासराच्या आतड्यात जवळजवळ नसते. न पचलेली साखर आतड्यात राहून पाणी स्वतःकडे ओढते आणि हगवण वाढते. गुळाचे तेच. तांदळाची पेज बाळाला चांगली, पण पहिल्या दोन-तीन आठवड्यांच्या वासराला पिष्ट नीट पचत नाही. वासराला पचते ते ग्लुकोज आणि दुधातली साखर. म्हणूनच वर ग्लुकोज लिहिले आहे आणि त्याच्या जागी साखर चालणार नाही.

कसे द्यावे. द्रावण अंगाइतके कोमट असावे. वासरू उभे असताना, निपलच्या बाटलीने, त्याची मान आईच्या सडाला लागल्यावर असते तेवढीच वर ठेवून पाजावे. बांबूच्या नळ्याने किंवा काचेच्या बाटलीने तोंड वर करून ओतू नये. ठसका लागून द्रावण श्वासनळीत गेले, तर हगवणीतून वाचलेले वासरू न्यूमोनियाने जाते. जे वासरू चोखत नाही त्याच्या तोंडात ओतण्याचा प्रयत्न अजिबात करू नये. पोटात नळी घालून पाजणे हे शिकलेल्या हाताचे काम आहे.

इशारा : ‘लवकर गुण यावा’ म्हणून एका लिटरमध्ये दोन पुड्या टाकू नयेत. घट्ट द्रावण शरीरातलेच पाणी आतड्यात ओढते आणि रक्तातले मीठ वाढून वासराला झटके येऊ शकतात. तयार द्रावणाची चव स्वतः घेऊन पाहावी. ते अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. शेजारी साध्या स्वच्छ पाण्याची बादली नेहमी भरलेली असावी.

तपासणी : पहिला लिटर पाजल्यावर चार तासांत वासराने लघवी केली का ते पाहावे. लघवी होणे ही पाणी पोहोचत असल्याची सर्वांत सोपी खूण आहे.

## टप्पा ६ : दूध बंद करू नये

दूध बंद केले की शेण घट्ट दिसू लागते, कारण आतड्यात काही जातच नाही. त्याला गुण आला असे समजले जाते. प्रत्यक्षात क्षारपाण्यातल्या ग्लुकोजवर वासराची दिवसाची गरज भागत नाही. दोन दिवस दुधाविना ठेवलेले वासरू स्वतःची चरबी व स्नायू जाळते, आणि नवजात वासराच्या अंगात चरबी असते तरी किती? आतड्याचे झडलेले अस्तर पुन्हा तयार व्हायलाही दूधच लागते.

दूध नेहमीच्या एकूण मापाने, म्हणजे दिवसाला वजनाच्या सुमारे एक दशांश, परंतु दोनऐवजी तीन वेळांत द्यावे. दूध आणि क्षारपाणी एकत्र करू नये आणि दोहोंत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे, कारण सोडा असलेले द्रावण चौथ्या पोटातली आम्लता उतरवते आणि दूध तेथे नीट विरजत नाही. दुधात पाणी घालून ‘हलके’ करण्याची पद्धतही याच कारणाने चुकीची आहे.

दिवसाचे एक साधे वेळापत्रक असे होते : सकाळी ६ वाजता दूध, ९ वाजता क्षारपाणी, दुपारी १२ वाजता दूध, ३ वाजता क्षारपाणी, संध्याकाळी ६ वाजता दूध आणि रात्री साडेनऊला क्षारपाणी. मध्यरात्री एकदा उठून पाहणे होत असेल, तर चौथा लिटर तेव्हा द्यावा. आईला लुचणाऱ्या वासराला नेहमीच्या वेळी लुचू द्यावे आणि क्षारपाणी मधल्या वेळेत द्यावे.

लागोपाठ दोन वेळा दूध नाकारले, तर पुढच्या वेळेची वाट न पाहता पशुवैद्यकाला बोलवावे.

## टप्पा ७ : औषध, आणि त्याआधी नमुना

प्रतिजैविक जिवाणूंवर चालते. रोटा विषाणूवर, क्रिप्टोस्पोरिडियमवर किंवा जंतांवर ते चालत नाही, आणि पहिल्या महिन्यातल्या हगवणीत ही कारणे जागोजागी भेटतात. वासरू उभे आहे, पीत आहे, ताप नाही, शेणात रक्त नाही, अशा वेळी प्रतिजैविकाची गरज बहुधा नसते. ताप, रक्त, मलूलपणा किंवा चोखणे बंद, यांपैकी काही असेल तर ते लागते आणि कोणते, किती दिवस, हे पशुवैद्यकाने ठरवायचे असते. सुरू केलेला कोर्स एका दिवसात शेण घट्ट झाले म्हणून मध्येच सोडू नये.

एकाच आठवड्यात दोनहून अधिक वासरे आजारी पडली, तर शेणाचा नमुना तपासून घ्यावाच. औषध सुरू करण्याआधी, जमिनीवरून न उचलता थेट गुदद्वारातून, हातमोजा घालून घ्यावा. घट्ट झाकणाच्या डबीत भरून, वर वासराचे वय व तारीख लिहून, बर्फाच्या पिशवीसोबत त्याच दिवशी जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात पोहोचवावा. कॉक्सिडिया आणि जंत यांचे निदान सूक्ष्मदर्शकाखाली होते आणि दोहोंची औषधे पूर्णपणे वेगळी असतात. पारड्यांना मात्र हगवणीची वाट न पाहता दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गोल जंतांवरील पहिली मात्रा पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावी.

काय करू नये, हेही येथेच सांगणे बरे. माणसांच्या ‘जुलाब थांबवणाऱ्या’ गोळ्या आतड्याची हालचाल थांबवतात आणि घाण आतच कोंडतात. दुखणे कमी करण्यासाठी डायक्लोफेनॅक देऊ नये. ते टोचलेली मेलेली जनावरे खाऊन गिधाडे मरू लागल्याने भारतात जनावरांसाठी त्याच्यावर २००६ मध्ये बंदी आली आणि माणसांची बाटली आणून टोचणे हा त्याच बंदीचा भंग आहे. पोटावर डाग देणे ही तर निव्वळ जखम आहे. डाळिंबाच्या सालीचा काढा किंवा तत्सम घरगुती उपायांशी भांडण्याचे कारण नाही, परंतु ते गेलेले पाणी भरून देत नाहीत. क्षारपाण्याचे माप पूर्ण झाल्यावरच त्यांचा विचार व्हावा.

तपासणी : २४ तासांनी टप्पा ३ मधली पाहणी पुन्हा करावी आणि वहीतल्या आकड्यांशी ताडून पाहावी. विषाणूंची हगवण चार-सहा दिवस चालू शकते, म्हणून शेण अजून पातळ आहे एवढ्याने घाबरू नये. चोखणे, उभे राहणे आणि डोळा सुधारत असेल तर उपचार योग्य दिशेने आहे. शेण घट्ट झाल्यावरही एक दिवस क्षारपाणी चालू ठेवावे.

## टप्पा ८ : गोठा आणि भांडी

फिनेल शिंपडले म्हणजे काम झाले असे समजू नये. क्रिप्टोस्पोरिडियम आणि कॉक्सिडिया यांची कवचबंद रूपे फिनेलला किंवा ब्लिचिंग पावडरला दाद देत नाहीत. त्यांना मारते ते उकळते पाणी, कडक ऊन आणि पूर्ण कोरडेपणा. म्हणून आधी शेण व अंथरूण खरवडून बाहेर काढावे, मग साबणाच्या पाण्याने घासावे, त्यानंतर उकळते पाणी ओतावे आणि जागा वाळू द्यावी. घाण न काढता ओतलेले कोणतेही जंतुनाशक शेणावरच संपते. शक्य असेल तर वासरांचा कप्पा एका वेतानंतर काही आठवडे रिकामा ठेवावा.

बाटल्या व निपल धुताना आधी कोमट पाण्याने दूध काढून टाकावे आणि मग गरम साबणाच्या पाण्याने घासावे. सुरुवातीलाच उकळते पाणी घातले तर दुधाचा थर भांड्याला घट्ट बसतो आणि त्याखाली जंतू सुखाने राहतात. निपलचे भोक कापून मोठे केलेले असेल, तर निपल बदलावे. माती चाटणाऱ्या वासराला मुसके बांधावे, पण पाणी प्यायच्या वेळी ते काढण्याची आठवण ठेवावी.

## टप्पा ९ : डुकराच्या पिल्लांत काय वेगळे

गोव्यात घराच्या परसात आणि महाराष्ट्रात छोट्या कप्प्यांत वराहपालन करणाऱ्यांनी वरचाच क्रम धरावा, मात्र तीन गोष्टींत फरक आहे.

पहिली गोष्ट ऊब. सव्वा किलोच्या पिल्लाच्या अंगावर ना केस ना चरबी. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या कोपऱ्यात ३२ ते ३४ अंश सेल्सिअस तापमान हवे, पण डुकरिणीला एवढी उष्णता सोसत नाही. म्हणून पिल्लांसाठी आडोसा करून त्यावर दिवा लावावा. पिल्ले एकमेकांवर चढून झोपली असतील तर दिवा खाली घ्यावा. दिव्यापासून दूर पांगली असतील तर वर करावा. येथे थर्मामीटरपेक्षा पिल्लेच अधिक खरे सांगतात.

दुसरी गोष्ट वेळ. पिल्लू वासरापेक्षा कितीतरी लवकर कोरडे पडते, सकाळी हगलेले संध्याकाळी मेलेले सापडते. हगवण एका पिल्लाला लागली तरी क्षारपाणी उथळ ताटलीत सर्वांसाठी ठेवावे, दर चार तासांनी ताजे करावे आणि अशक्त पिल्लांना सुईविना सिरिंजने दहा-दहा मिलिलिटर वरचेवर पाजावे. पहिल्या आठवड्यातल्या पिल्लांनाही साखर पचत नाही, म्हणून ग्लुकोजच वापरावे. सगळी वेत एकदम हगू लागली तर आधी डुकरिणीची कास दाबून पाहावी आणि तिचा ताप मोजावा. दूध आटलेले असेल तर पिल्लांवरचा उपचार एकटा पुरत नाही.

तिसरी गोष्ट वय. पहिल्या चार दिवसांत ई. कोलाय, पहिल्या आठवड्यात रक्ताची हगवण होऊन पिल्ले पटापट मेली तर क्लॉस्ट्रिडियम हा जिवाणू, आणि दुसऱ्या आठवड्यात पिवळसर, लोण्यासारखी, आंबट वासाची हगवण असेल आणि प्रतिजैविकाने काहीच फरक पडत नसेल तर कॉक्सिडिया. या शेवटच्या प्रकारात प्रतिजैविक बदलत राहून आठवडा घालवला जातो, तो टाळावा आणि नमुना द्यावा. तिसऱ्या दिवशी लोहाचे इंजेक्शन, साधारण २०० मिलिग्रॅम, पशुवैद्यकाकडून देऊन घ्यावे. सिमेंटच्या कप्प्यात वाढणाऱ्या पिल्लांना दुधातून पुरेसे लोह मिळत नाही आणि पांढरी पडलेली पिल्ले हगवणीला लवकर बळी पडतात.

आईपासून तोडल्यानंतरचे दोन आठवडे पुन्हा धोक्याचे असतात. तोडण्याच्या दिवशी खाद्य, जागा आणि सोबती तिन्ही एकदम बदलू नयेत. पिल्ले त्याच कप्प्यात ठेवून डुकरिणीला बाहेर काढावे, आधीपासून चाखायला दिलेलेच खाद्य दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे द्यावे आणि पुढच्या वेळी घालण्याआधी टोपल्यात आधीचे काही उरले आहे का ते पाहावे. उरले असेल तर ते काढून टाकावे आणि पुढचे माप कमी करावे.